परळी खोऱ्यातल्या गोगलगाई आणि टाचण्या : पावसाळा 2024 च्या नोंदी

9 जून 2024

गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीचं राहिलेलं काम काल माझ्याकडे आलं. वही तशी मनापासून भरलेली आहे. भाताचे जुने वाण, रानभाज्या, औषधी मुळ्या, देवराईतली झाडं, ओढ्यातले मासे, सगळ्यांना पानं मिळाली आहेत. शेवटी 'इतर प्राणी' या मथळ्याखाली मात्र एकच ओळ आहे : गोगलगाय, भरपूर, उपद्रवी. टाचणीचं, म्हणजे चतुराच्या त्या सडपातळ भावंडाचं, तर नावही नाही. चतुर एकदा आलाय, तोही 'खाली उडाला की पाऊस येतो' एवढ्यापुरता.

ती ओळ मला लागली. वर्गात इतकी वर्षं मृदुकाय आणि कीटक शिकवले, आणि माझ्याच शिवारातल्या सगळ्या गोगलगाई एका शब्दात उरकलेल्या. निदान या एका पावसाळ्यापुरतं तरी नीट बघायचं ठरवलं.

तीन जागा धरल्या. एक, गावाच्या वरच्या अंगाची देवराई आणि तिथलं पडकं देऊळ. दोन, साताऱ्याजवळच्या उरमोडी नदीला मिळणारा ओढा, पुलापासून वरच्या डोहापर्यंत. तीन, खालच्या आळीतले सोयाबीनचे बांध. भाची प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीच्या दिवशी साताऱ्याहून यायला तयार झाली. नियम तिनेच लिहून काढले आणि ते बरोबर आहेत : जिवंत प्राणी उचलून आणायचा नाही, फक्त रिकामे शंख घ्यायचे. टाचणीचा फोटो घ्यायचा, जाळं नाही. वनखात्याच्या हद्दीत रिकामा शंखही जागचा हलवायचा नाही.

14 जून

रात्रभर पाऊस. सकाळी सहाला देवराईत पोचलो तेव्हा पाला अजून ठिबकत होता.

देवळाच्या जोत्यावर एकाच दगडावर दोन गोगलगाई वीतभर अंतराने. लांबून दोन्ही तपकिरी, दोन्ही बोराएवढ्या. भिंग लावून अर्धा तास बसलो, तेव्हा त्या एकमेकींच्या किती लांबच्या आहेत ते कळलं. पहिलीला शिंगांच्या दोन जोड्या. वरच्या लांब जोडीच्या टोकाला डोळा, काळ्या टिंबासारखा. गवताच्या काडीने हलकेच शिवलं तर डोळा शिंगाच्या आतूनच खाली सरकत गेला, मोज्याचं टोक आतून ओढून घ्यावं तसा. दुसरीला शिंगांची एकच जोडी आणि डोळे टोकाला नाहीत, बुडाशी. तिला शिवल्यावर ती आत गेली आणि मागून दार लावून घेतलं. खरंच दार : गोल, पातळ, त्यावर मधल्या बिंदूकडे फिरत जाणाऱ्या बारीक रेघा. शंखाच्या तोंडात ते असं चपखल बसलं की नखही शिरलं नसतं.

डोळा टोकाला आणि दार नाही, हा एक मोठा गट. हिच्यात नर-मादी वेगळे नसतात, दोन्ही अवयव एकाच देहात. डोळा बुडाशी आणि दार आहे, हा वेगळा गट. आमच्या डोंगरात त्यातल्या बहुतेक सायक्लोफोरिडी कुळातल्या. यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी. आणि पाणी सोडून जमिनीवर येण्याचा प्रवास या दोघींच्या पूर्वजांनी स्वतंत्रपणे केलेला आहे. जोत्यावर शेजारी बसल्या म्हणून त्या बहिणी होत नाहीत. वहीतल्या 'गोगलगाय' या एका शब्दात हे एवढं अंतर बुजून गेलं होतं.

तात्या गुरं घेऊन वर चालले होते, थांबले. "काय बगताय वं बाई एवढं? गोगलगाय न् पोटात पाय." मी म्हटलं, तात्या, शास्त्रातही तिचं नाव तेच आहे, उदरपाद, पोटात पाय असलेली. त्यांनी वाकून पाहिलं. ती ओल्या काचेवरून चालावी तशी निघाली होती आणि तळव्यावरून मागून पुढे लाटा सरकत होत्या. "व्हय की," म्हणाले, "पोटच चालतंय सगळं." म्हण लहानपणापासून तोंडात आहे, पण ती कोणीतरी असंच वाकून बघितल्यावर केली असणार, हे आज पहिल्यांदा जाणवलं.

22 जून

बांधांवर फिरलो. आफ्रिकन शंखी (बाहेरून आलेली, पिकं खाणारी मोठी गोगलगाय) 11, सगळ्या मध्यम. टाचण्या कमी, ओढ्याचं पाणी अजून गढूळ. भाताच्या खाचरात पिवळ्या पोटाची सेरिऍग्रिऑन कोरोमांडेलियानम दोन ठिकाणी. ही ओळखायला सोपी : छाती हिरवट, पोट हळदीसारखं, कुठल्याही पाणथळ गवतात कमरेखालच्या उंचीवर.

30 जून

मोठ्या गोगलगाई डोळ्यांना दिसतात. खरी गर्दी पाल्यात असते, आणि ती बघायला स्वयंपाकघर लागतं.

देवराईत तीन ठिकाणांहून पाला आणि वरची बोटभर माती आणली होती, ती आठवडाभर पडवीत वर्तमानपत्रावर वाळवली. आज चाळली. आधी गव्हाची चाळण, मग रव्याची, मग मैद्याची. गव्हाच्या चाळणीवर राहिलेलं निवडायला सोपं. रव्याच्या चाळणीवर लांबट सुईसारखे शंख, सब्युलिनिडी कुळातले, मोठ्यात मोठा तांदळाएवढा. मैद्याच्या चाळणीवर काय राहिलं हे नुसत्या डोळ्यांना कळेना, तिथे सगळं मातीच्या रंगाचं. तेव्हा भाचीने वाचलेली युक्ती केली : उरलेली माती परातीत पाण्यात सोडली. रिकाम्या शंखात हवा अडकलेली असते, तो तरंगतो, माती तळाला जाते. काड्या आणि बियाही वर येतात, पण त्यांच्यामधून चहाच्या गाळणीने एकेक उचलता आला. मोहरीपेक्षा लहान, काचेसारखा पारदर्शक, सहा वेटोळ्यांचा एक शंख तळहातावर घेतला तर वजन म्हणून काही नाहीच. पण त्याच्या टोकावर पहिलं वेटोळं गुळगुळीत आणि पुढच्यांवर बारीक आडव्या रेघा. ते गुळगुळीत वेटोळं अंड्यातून बाहेर येताना त्याच्याजवळ होतं, बाकीचं घर नंतर बांधलं. एवढ्याशा शंखात जन्माआधीचं आणि जन्मानंतरचं वेगळं दिसतं.

आणखी एक लक्षात आलं. तीन ठिकाणांपैकी पडक्या देवळाच्या भिंतीखालच्या मातीत शंख सगळ्यात जास्त, आणि जाड. जांभ्याच्या सड्याकडच्या, म्हणजे उघड्या पठाराकडच्या, मातीत मोजके, तेही पापुद्र्यासारखे. शंख चुन्याचा बनतो. जांभ्यात चुना धुऊन गेलेला, म्हणून तिथली गोगलगाय गरीब. देवळाची भिंत चुन्यात बांधलेली. घाण्यावर मळलेला तो चुना दोन-अडीच शतकं पावसाने थोडाथोडा खाली उतरतोय आणि गोगलगाई तो वेचून स्वतःचं घर बांधताहेत. सज्जनगडाच्या आणि अजिंक्यताऱ्याच्या तटाखाली हेच असणार, एकदा जाऊन नुसतं बघून यायचं आहे.

6 जुलै

आजची नोंद सविस्तर लिहिते.

देवराईतल्या जांभळीच्या खोडावर, छातीच्या उंचीला, एक मोठी गोगलगाय. शंख चपटा, जिलबीसारखा, फिकट बदामी, वर एक गडद पट्टा. खोडावरचं शेवाळ आणि बुरशी खरवडत होती. भाचीने फोटो काढला आणि गप्प झाली. मग म्हणाली, "आत्या, ही उलटी आहे."

शंखाची बाजू ठरवायची रीत सोपी आहे. शेंडी वर धरायची, तोंड आपल्याकडे करायचं. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवा शंख, डाव्या हाताला आलं तर डावा. जगातल्या गोगलगाईंपैकी बहुसंख्य उजव्या. ही डावी. आसपास शोधल्यावर आणखी तीन मिळाल्या, सगळ्या डाव्या, म्हणजे ही एखादीची विकृती नाही, जातच डावी. एरिओफँटा हा आपल्या सह्याद्रीतला वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, असा आहे, त्यातली मुंबईकडे दिसणारी लेव्हिपेस ही जात डावीच. आमची तीच का, हे नुसत्या शंखावरून ठरत नाही, आतल्या प्रजनन अवयवांची रचना पाहावी लागते. ते आम्ही करणार नाही. वहीत वंशापर्यंतच लिहिलं.

गुरवकाका दिवा लावायला आले होते. डाव्या शंखाचं ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे दक्षिणावर्ती का वामावर्ती?" मी गोंधळले, मग दोघांनी देवळातला शंख हातात घेऊन उलगडा केला. पूजेत आपण शंखाची निमुळती नाळ वर करून बघतो. शास्त्रात शेंडी वर करतात, म्हणजे नाळ खाली. शंख उलटा धरला की डावं-उजवं बदलतं. म्हणून देवघरात ज्याला दुर्मिळ दक्षिणावर्ती म्हणतात तो शास्त्राच्या मोजणीत डावा. काका म्हणाले, "मग ही आमची जांभळीवरची दक्षिणावर्तीच की वो बाई." बरोबर आहे. समुद्रातल्या शंखात जे लाखांत एखादं, ते इथे एका झाडावर चार.

डावं असण्याचं मोल भक्तीच्या पलीकडेही आहे. उजव्या आणि डाव्या गोगलगाईचे अवयव एकमेकांसमोर येत नाहीत, त्यामुळे त्यांचा मेळ जमणं कठीण. एखादी डावी जन्मली तर तिला जोडीदार मिळत नाही. मग डाव्यांची अख्खी जात टिकते कशी? जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर इवासाकींच्या नावाने ओळखला जाणारा एक साप आहे, तो फक्त गोगलगाई खातो. त्याच्या खालच्या जबड्यात उजव्या बाजूला दात जास्त असतात, कारण उजव्या शंखातून मांस ओढायला तेच सोयीचं. डावी गोगलगाय समोर आली की त्याचा चावा हुकतो. तिथे डावेपण म्हणजे जीव वाचणं. आग्नेय आशियातल्या ॲम्फिड्रोमस या झाडावरच्या वंशात तर काही जातींत एकाच ठिकाणी डाव्या-उजव्या दोन्ही राहतात. आणि तळ्यातल्या लिम्निया गोगलगाईत दिसलेलं सगळ्यात नवलाचं : पिल्लाचा शंख कोणत्या बाजूला वळणार हे पिल्लाच्या स्वतःच्या गुणसूत्रांवर नाही, आईच्या गुणसूत्रांवर ठरतं. अंड्याची पहिली विभागणी आईने दिलेल्या मालावर चालते, आणि वळण तिथेच पडतं.

जांभळीला खूण केली नाही. खोडाच्या पूर्वेला दोन फांद्या फुटतात, त्याखाली, असं लिहून ठेवलं.

13 जुलै

वाईट दिवस. गेल्या शनिवारच्या पावसात पिशवी भिजली होती. आज उघडली तर सहा पुड्यांतल्या चिठ्ठ्यांवर निळा डाग तेवढा उरलाय. जेल पेनने लिहिल्या होत्या, मीच. शंख सगळे सुखरूप आहेत, पण कुठला देवळाचा, कुठला ओढ्याकाठचा, कुठला बांधावरचा, हे आता कोणी सांगू शकत नाही.

भाची म्हणाली, शंख तर आहेत ना आत्या. आहेत, पण ते आता सुंदर वस्तू आहेत, नोंद नाही. मलेशियात बुकित पंचिंग नावाची चुनखडीची टेकडी होती. प्लेक्टोस्टोमा सायाफिलम ही इवलीशी गोगलगाय फक्त तिथे राहायची. खाणीत टेकडी गेली, तिच्याबरोबर जातही जगातून गेली. ती कुठे होती हे कोणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून काय गेलं हे तरी कळलं. ज्या शंखाचं ठिकाण लिहिलेलं नाही त्याच्या जाण्याचा हिशोबही लागत नाही.

सहाही पुड्या एका डब्यात घालून वर 'ठिकाण नाही' असं लिहिलं. त्यातला एकही शंख वहीत येणार नाही. इथून पुढे जाड ड्रॉइंगचा कागद, शिसपेन्सिल, चिठ्ठी शंखाबरोबर आत आणि तीच नक्कल वहीत. गाव, जागा, कशावर, किती वाजता, तारीख, कोणी पाहिलं. नाव नंतर.

25 जुलै

दोन दिवस धो धो. पुलावर पाणी. घरीच.

जुनी नोंदपुस्तकं चाळली, संगणकावर. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतला भारतातल्या भूचर गोगलगाईंचा पहिला खंड ब्लॅनफर्ड आणि गॉडविन-ऑस्टिन यांचा, 1908 चा, पुढचे खंड ग्यूड यांचे, 1914 आणि 1921 चे. टाचण्या-चतुरांचे तीन खंड फ्रेझर यांचे, 1933, 1934 आणि 1936. फ्रेझर लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. शंभर वर्षं होत आली, तरी आजही कोणी टाचणी ओळखायला बसलं की त्यांच्याच पानावर यावं लागतं. हे मला थोर वाटतं, आणि आपल्याकडे पुढची पानं किती उशिरा लिहिली गेली याचं वाईटही वाटतं.

भाचीला कंसांचा अर्थ समजावला, तो इथेही लिहिते. जातीच्या शास्त्रीय नावापुढे माणसाचं नाव आणि साल येतं. ते कंसात असेल तर जातीला नाव देणाऱ्याने तिला दुसऱ्या वंशात घातलं होतं आणि नंतर कोणीतरी हलवलं. आमच्या ओढ्यावरची टाचणी न्यूरोबेसिस चायनेन्सिस शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये लिबेल्युला या वंशात घातली होती, म्हणून लिनियस कंसात. वंश बदलला, पण पहिल्यांदा बघणाऱ्याचा मान गेला नाही. मला ही पद्धत फार आवडते.

9 ऑगस्ट, नागपंचमी

सकाळी देवराईत माती घ्यायला निघाले तर शेजारच्या आजींनी अडवलं. "बाई, आजच्या दिशी माती उकरू ने. नांगर न्हाई, कुदळ न्हाई, इळीवर चिरत न्हाई. जिवाला लागतं खाली." मी खुरपं घरात ठेवलं. पाल्याखाली काय काय जिवंत असतं हे गेले दोन महिने रोज बघतेय, आजींचं म्हणणं मला तंतोतंत पटलं. माती सोडून ओढ्यावर गेलो.

पाणी निवळलंय. ऊनही आलं. न्यूरोबेसिसचा नर दगडावर बसला होता, पंख मिटलेले, नुसती तपकिरी काडी. उडाला आणि मागच्या पंखांची हिरवी झळाळी अशी चमकली की भाचीच्या तोंडून आवाज निघाला. पुढचे पंख स्वच्छ, मागचे पाचूसारखे. बसला की पुन्हा काडी. मादीच्या पंखांवर पांढरे ठिपके, ती काठच्या सावलीत.

वरच्या डोहाजवळ, बांबूच्या सावलीत, एक पांढरी टाचणी. पूर्ण पांढरी, निळसर झाक, सांध्यांवर काळ्या खुणा तेवढ्या. कागदातून कापल्यासारखी. उडते हळू, लगेच बसते. पंख नव्या प्लॅस्टिकसारखे चकाकणारे. माझ्या सगळ्या आयुष्यात अशी टाचणी बघितलेली आठवत नाही. भाचीने वरून, बाजूने, शेपटीच्या टोकाचे असे बारा फोटो घेतले. नराच्या शेपटीच्या टोकाला मादीला मानेशी धरायचे चिमटे असतात, ओळख बरीचशी त्यांच्या आकारावर ठरते, म्हणून टोकाचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा.

परत येताना ती सारखं नवी जात, नवी जात म्हणत होती. मीही मनातून तेच म्हणत होते. वहीत लिहिलं : पांढरी टाचणी, वरचा डोह, बांबू, दुपारी 12.10, जमिनीपासून हातभर उंच. नावाचा रकाना रिकामा.

17 ऑगस्ट

पांढऱ्या पाच. एकही जोडीत नाही. बाकीच्या टाचण्या जोडीने, नराने मादीची मान धरलेली, काही बदामाच्या आकारात वाकून जुळलेल्या. पांढऱ्या सगळ्या एकट्या, काठापासून थोड्या आत. हे कशामुळे?

25 ऑगस्ट

उत्तर मिळालं.

आठला डोहावर पोचलो. पाण्यातून वर आलेल्या दगडावर एक कात चिकटलेली, पाठ फाटलेली, आणि तिच्यापासून चार बोटांवर एक पांढरी टाचणी, अजून नीट उभीही नाही. म्हणजे पांढरी ही आत्ताच पाण्यातून बाहेर आलेली. दोन तास तिथेच बसलो. बांबूखालच्या पांढऱ्यांमध्ये आज एक वेगळी दिसली : अंग पांढरं पण पाय पिवळे पडू लागलेले, छातीवर काळं चढतंय. आणि पलीकडे गवतावर, जिला आम्ही जूनपासून रोज बघतोय ती कोपेरा मार्जिनिपेस : काळं-पिवळं अंग, झगझगीत पिवळे पाय, नराच्या पायांच्या नळ्या पानासारख्या रुंद. चिमट्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. पांढऱ्या नराचे आणि या नराचे एकच.

तर पांढरी ही नवी जात नाही, आमच्याच ओळखीच्या टाचणीचं लहानपण. वयात यायच्या आधी ती पाण्यापासून दूर राहते, म्हणून जोडीत दिसत नव्हती.

भाची जरा उतरली. मला मात्र आजचा दिवस नवी जात मिळण्यापेक्षा मोठा वाटतो. टाचण्यांत असं सगळीकडे आहे. ॲग्रिऑक्नेमिस पिग्मिया ही खाचरातली सगळ्यात चिमुकली टाचणी, तिची कोवळी मादी लालभडक असते, पुढे हिरवट होते, आणि म्हातारा नर पांढरी पूड अंगावर घेतो. एकाच गवताच्या पात्यावर तीन रंग आणि जात एक. उलटही घडतं, दोन जाती एकाच नावाखाली राहतात. पिवळ्या अंगाची, निळ्या टोकाची इस्क्नुरा भारतात वर्षानुवर्षं ऑरोरा म्हणून लिहिली गेली, आता आपली ती रुबिलिओ, वेगळी. म्हणून वहीत रंग लिहिताना वय आणि नर-मादी लिहायचंच. कळलं नाही तर कळलं नाही असं लिहायचं.

1 सप्टेंबर

खालच्या आळीत सोयाबीन शेंगेवर आलंय आणि शंखीने कडेचे तास, म्हणजे पिकाच्या ओळी, खाल्लेत. शेतकरी वैतागलेत आणि त्यांचा वैताग खरा आहे. दोन वर्षांपूर्वी लातूर-बीडकडे उगवतं सोयाबीन शंखीने साफ केलं होतं, दुबार पेरण्या झाल्या होत्या, ते सगळ्यांच्या डोक्यात आहे. एका दादांनी बांधाच्या कडेने मेटाल्डिहाइड या गोगलगाय मारायच्या विषाचं आमिष टाकलं. बांध देवराईला लागून. सकाळी गेले तर आमिषाजवळ शंखी मेलेल्या होत्या, आणि त्यांच्यात दोन चपट्या डाव्या, जांभळीवरच्या.

त्या हातात घेऊन मी दादांच्या घरी गेले. भांडायला नाही. त्यांच्या ओसरीवर दोन्ही शंख शेजारी ठेवले. आफ्रिकन शंखी उभी, निमुळती, भोवऱ्यासारखी, तपकिरी फराटे, तोंड उजवीकडे. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या शंखप्रेमी इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि एका बागेत सोडली गेली, तिथून पसरत आज आपल्या बांधावर आली आहे. दुसरी बसकी, जिलबीसारखी, तोंड डावीकडे. ही इथलीच, झाडावरचं शेवाळ-बुरशी खरवडते, सोयाबीनला तिने तोंड लावलेलं आम्ही तीन महिन्यांत एकदाही पाहिलं नाही.

दादा बराच वेळ शंख फिरवत राहिले. "मला वाटलं सगळ्या एकच. औषध काय बघून मारतंय व्हय?" नाही ना. म्हणूनच आधी आपण बघायचं.

मग गोणपाटांचं ठरलं. गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधावर टाकायची, पहाटे त्याखाली गोळा झालेल्या शंखी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. हातमोजे महत्त्वाचे, शंखीच्या अंगात उंदराच्या फुफ्फुसातल्या जंताची पिल्लं असू शकतात आणि ती माणसाच्या मेंदूपर्यंत जातात. यात फायदा हा की वेचताना माणूस बघतो. चपटी, डाव्या तोंडाची आली तर उचलून देवराईत. आजींची नात, सहावीतली, एकदा दाखवल्यावर अंधारातही बोटांनी चाचपून डावी-उजवी सांगते.

15 सप्टेंबर

ठोसेघर. गर्दी धबधब्यावर, आम्ही वरच्या ओहोळाला, वनखात्याच्या माणसाला सांगून.

या गावाच्या नावाची टाचणी आहे, युफिया ठोसेघरेन्सिस. 2021 मध्ये तिचं वर्णन झालं. आपल्या घरापासून तासाभराच्या वाटेवर राहणारा जीव 2021 पर्यंत शास्त्राला वेगळा म्हणून माहीत नव्हता, हे मी पुन्हा पुन्हा मनात म्हणते. युफियाला वाहतं, थंड, दगडातून आपटत जाणारं पाणीच लागतं. तिच्या पिल्लांना शेपटीच्या कल्ल्यांशिवाय पोटाच्या दोन्ही कडांनाही कल्ले असतात, पाण्यातला प्राणवायू भरपूर असेल तिथेच ती वाढतात. ओहोळात साबणाचं पाणी आलं, वर बंधारा घालून धार तुटली, की संपलं.

दीड तासात एक नर दिसला, मधल्या दगडावर, मागच्या पंखांची टोकं काळी. दोन फोटो. चिमट्याचा फोटो नाही. वहीत 'युफिया' एवढंच लिहिलं. भाचीने पुढचं नाव लिहायचा हट्ट केला नाही.

29 सप्टेंबर

संगम माहुली. कृष्णेच्या घाटावर काळ्या पंखांच्या डिस्पॅरोन्यूरा क्वाड्रिमॅक्युलाटा, दगडांवर रांगेने. देवळाच्या चुन्याच्या भिंतीत बारीक शंख, हात लावला नाही.

2 ऑक्टोबर, ग्रामसभा

नोंदवहीची नवी पानं वाचली. भूचर गोगलगाई 14 प्रकार : पाच वंशापर्यंत, सहा कुळापर्यंत, तिघींच्या पुढे 'नाव बाकी'. टाचण्या 17 : बारा जातीपर्यंत, चार वंशापर्यंत, एक नुसती फोटो क्रमांकाने. एका तरुण सदस्याने विचारलं, नाव बाकी असलेल्यांना आपल्या गावाचं नाव देता येईल का. मी सांगितलं, आधी त्या खरंच कोणी न पाहिलेल्या आहेत हे तज्ज्ञांना ठरवू दे. तसं निघालं तर परवानगीने नमुना घ्यावा लागतो, 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तो ठरवून दिलेल्या संग्रहात जमा करावा लागतो, मग नाव. आपलं काम जागा टिकवायचं, म्हणजे ते लोक येतील तेव्हा गोगलगाय जागेवर असेल.

देवराईच्या बांधापासून पिकाच्या दोन ओळींच्या आत आमिष टाकायचं नाही, गोणपाटंच लावायची, असं हात वर करून ठरलं. दादांनी पहिला हात वर केला. 'गोगलगाय, भरपूर, उपद्रवी' ही ओळ खोडली नाही. तिच्यापुढे 'आफ्रिकन शंखी' लिहून घेतलं, म्हणजे आता ती खरी झाली.

24 नोव्हेंबर

थंडी. पाला कोरडा, पायाखाली वाजतो. ओढ्याची धार बारीक, टाचण्या तुरळक.

जांभळीवर गेले. पूर्वेच्या दोन फांद्यांखाली, सालीच्या खाचेत, तीन डाव्या. तोंड खोडाला चिकटवलेलं आणि त्यावर वाळलेल्या चिकट्याचा पांढरट पडदा, दुधाच्या सायीइतका पातळ. आता पावसापर्यंत त्या अशाच. चौथी जुलैत जिथे होती तिथे नाही. खाली पाल्यात शोधली, रिकामा शंखही मिळाला नाही. कदाचित वर, माझ्या नजरेच्या पलीकडे असेल.

तात्यांना जागा दाखवून ठेवली. ते रोज या वाटेने जातात. म्हणाले, "वळवाच्या पहिल्या सरीला बगतो आन् सांगतो बाई, किती जाग्या झाल्या."

वहीत : जांभूळ, पूर्व बाजू, छातीच्या उंचीला 3, पडदा लावलेल्या. सकाळी 8.20. पाहिलं : मी आणि तात्या.